खंडेनवमीचा ट्रान्समीटर

ऑटोमोबाइलच्या मुलांना मी वर्गात एक उदाहरण सांगत असे. गाडीच्या मागं बसवलेला एक स्वस्तातला कॅमेरा, त्याच्या वायरीतून सुटणारा रेडिओचा गोंगाट, त्या गोंगाटानं बहिरी झालेली गाडी आणि आत अडकलेली दोन वर्षांची पोरगी. मुलं हे ऐकताना मोबाइल खाली ठेवत. शेवटी किल्लीच्या पोटातली पट्टी काढून मी दार उघडतो तिथं मागच्या बाकांवरून टाळ्याही पडत. नंतर मी फळ्याकडं वळायचो आणि खडू हातात घेऊन थोडा वेळ नुसता उभा राहायचो. मुलांना वाटे, सरांना भरून आलं.

ते उदाहरण चुकीचं आहे. पोरगी खरी, ऊन खरं, दार मी उघडलं हेही खरं. कॅमेऱ्याचा मात्र काडीचा संबंध नव्हता. ज्या मुलांनी माझ्याकडून ते ऐकलं, त्यांतली कितीतरी आज गाड्यांच्या कंपन्यांत कामाला आहेत, आणि एकदोघं तर ते उदाहरण पुढच्यांना सांगतात असं माझ्या कानावर आलं आहे. त्यांच्यासाठी आणि शिरोलीतल्या एका माणसासाठी हे लिहितो आहे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. निवृत्तीनंतरही कॉलेजनं मला एका विषयापुरतं बोलावून घेतलं. उच्च फ्रिक्वेन्सी आणि रेडिओची मूलतत्त्वं, तीही गाड्यांच्या मुलांना. पहिल्या तासाला हमखास कुणीतरी विचारायचं, "सर, आम्ही गाडीवाली माणसं. आम्हाला रेडिओ कशाला? गाणी ऐकायला?" मी म्हणायचो, तुझ्या खिशातली किल्ली काढ. ती रेडिओ आहे. टायरमधली हवा मोजतो तो रेडिओ. पुढच्या गाडीचं अंतर बघतो तो रडारही रेडिओच.

आमची लॅब पहिल्या मजल्यावर. तिच्या खिडकीतून खाली बघितलं की कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडं आमची कॉलनी. माझं घर त्याच कॉलनीत. म्हणजे शिकवायला जाताना मला एका भिंतीला वळसा घालावा लागे, एवढंच.

लॅबमध्ये मी स्वतः जुळवलेला एक छोटा ट्रान्समीटर होता. पत्र्याची पेटी, पुढं लाल दिवा आणि काट्याचा मीटर. गाड्यांच्या रिमोटची जी फ्रिक्वेन्सी, तीच त्याची, कारण आम्हाला रिमोटच तपासायचे असत. या फ्रिक्वेन्सीची लाट पाऊण मीटरच्या आत बसते. तिचा चौथा हिस्सा म्हणजे आपल्या एका वितीला दोन बोटं कमी. तेवढ्याच लांबीची पितळी काडी मी अँटेना म्हणून करून घेतली होती. पण ती ड्रॉवरमध्ये असायची. पेटीला कायम जोडलेला असायचा तो डमी लोड. काळा, पन्हाळी अंगाचा ठोकळा. रेडिओची पॉवर कुठंतरी जावीच लागते. अँटेना लावली तर ती हवेत जाते. डमी लोड लावला तर तो ती सगळी पोटात घेतो, बाहेर काही सोडत नाही आणि नुसता गरम होतो. मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं म्हैस. "सर, म्हैस लावली का?" हे विचारल्याशिवाय स्विच दाबायचा नाही, हा लॅबचा पहिला नियम. तो माझाच.

आता खंडेनवमी. माझे वडील उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर होते. नवमीला मशीन धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून पूजत आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत घरातल्या स्क्रू ड्रायव्हरलाही आम्हाला हात लावू देत नसत. लहानपणी मी एकदा पाना उचलला होता, तर पाठीत बसली होती. पुढं मी शिकलो, शिकवू लागलो, पण नवमीला साधनाला हात लावायचा नाही ही भीती काही गेली नाही. ती शिक्षणाच्या खाली कुठंतरी तशीच पडून राहिली होती.

चार वर्षांपूर्वीच्या नवमीला मुलांनी लॅबमध्ये पूजा मांडली. मीटर, सोल्डरिंग गन, रेडिओचा गोंगाट मोजायचा अ‍ॅनालायझर असं सगळं खिडकीजवळच्या टेबलावर, आणि मधोमध माझा ट्रान्समीटर. एक मुलगा म्हणाला, "सर, म्हैस कशी पुजायची? काळ्यावर कुंकू पण दिसत न्हाई. ती काडी लावूया की, कशी चकाकत्या बघा!" सगळे हसले. मीही हसलो. म्हैस मी माझ्या हातानं काढली आणि अँटेना मी माझ्या हातानं बसवली. तिला मुलांनी झेंडूची दोन फुलं बांधली. "दिवा लागू द्या सर, दिव्याशिवाय कसली पूजा!" मी स्विच दाबला. लाल दिवा लागला, काटा उठला, आरती झाली.

जाताना लॅबचे शिपाई मामा बंद करायला पुढं आले. मी म्हणालो, "राहू दे मामा. आज हात लावायचा नाही."

ते बोलताना हवेत काय चाललंय याचा विचार माझ्या मनात आलाही नाही. इतकी वर्षं तोच विचार शिकवूनही तो आला नाही.

लॅबला कुलूप घालून मी घरी आलो. वाटेत शेजारचे एक गृहस्थ आपल्या गाडीजवळ उभे होते. म्हणाले, "सर, रिमोट चालंना झालाय बघा." मी म्हणालो, सेल बदला.

त्याच सकाळी, पूजेला निघण्याआधी, मी फाटकात उभा असताना दोन घरं सोडून पलीकडं एक माणूस गाडीला रिव्हर्स कॅमेरा बसवत होता. शिरोली एमआयडीसीजवळ त्याचं गाड्यांच्या सामानाचं छोटं दुकान. ते घर दोघा भावांचं. गाडी धाकट्याची. त्याला दुसऱ्या दिवशी बायको आणि लेकीला घेऊन चंदगडला सासरवाडीला जायचं होतं, आणि तिथल्या चढावर गाडी मागं घेताना त्याचा जीव घाबरायचा. थोरला भाऊ कट्ट्यावर बसून होता.

"पावणं, आज नवमी. आज हत्याराला हात लावत न्हाईत," थोरला म्हणाला. "परवा यायचं की."

"आमच्यात न्हाई ते, दादा," वायर सोलत तो माणूस म्हणाला. "आमी बौद्ध. आमचा सण उद्या हाय. उद्या बोलावलासा तर मी येणार न्हाई बघा."

थोरला हसला. मीही हात केला आणि कॉलेजला गेलो.

दुपारी जेवून पेपर तोंडावर घेऊन आडवा झालो होतो. बाईच्या ओरडण्यानं उठलो. असं ओरडणं मी आधी ऐकलं नव्हतं. त्यात शब्द नव्हते. मी पायांत काही न घालताच बाहेर पळालो.

गाडी भर उन्हात उभी. बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू. पूजा करून तिला गल्लीतून एक फेरी मारायची होती. आईनं पोरीला पुढच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि पिशवी आणायला ती चार पावलं घरात गेली. तेवढ्यात पोरीनं दारावरचं लॉकचं बटण दाबलं. चारही दारं बंद. काचा बंद, इंजिन बंद. किल्ली बापाच्या हातात होती, म्हणून आधी कुणी घाबरलं नाही. त्यानं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं. काही नाही.

मी पोचलो तेव्हा पोरगी काचेला दोन्ही हात लावून रडत होती. तिचं रडणं बाहेर अगदी बारीक ऐकू येत होतं, लांबून आल्यासारखं. केस कपाळाला चिकटले होते. आमच्याकडं दसऱ्याच्या दिवसांत ऊन कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. बंद गाडीत ते मोठ्या माणसालाही सोसत नाही.

"आरं, काच फोड की! बघत काय बसलाईस!" थोरला ओरडत होता. त्यानं वीट उचलली.

"दादा, ती काचंलाच चिकटलीया! तिच्या तोंडावर जाईल!"

"मागची फोडतो!" वीट मागच्या काचेवर आपटली आणि उडून खाली पडली. आई दाराचं हँडल ओढत होती, नुसती ओढत होती, तिला कुणी बाजूला करू शकत नव्हतं. "सर आले, सर आले," कुणीतरी म्हणालं आणि बापानं किल्ली माझ्या हातात कोंबली. "सर, बघा की हो, काय झालंया हिला!"

मी बटण दाबलं. किल्लीवरचा बारका दिवा लागला. म्हणजे किल्ली बोलत होती. गाडी ऐकत नव्हती. असं कधी होतं? मिरवणुकीत साउंड सिस्टिमच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही तेव्हा. शेजारी बोलतच असतो. हे वाक्य मी वर्गात म्हणायचो. तेच आता माझ्या डोक्यात वाजलं, आणि माझी मान आपोआप वर गेली.

भिंतीपलीकडं, पहिल्या मजल्यावर, लॅबची खिडकी. खिडकीत झेंडूची दोन फुलं. त्यांच्यामागं लाल दिवा.

पुढचं लिहायला मला चार वर्षं लागली. मला सगळं कळलं होतं. किल्लीच्या पोटात चपटी पट्टी असते हे मला माहीत होतं, ती कुठं घालायची हेही माहीत होतं. घरातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं, कारण अशा गाड्यांच्या मालकांना पट्टी काढायची वेळच कधी येत नाही. आणि तरी मी तिथं उभा राहिलो. मी पोरीकडं बघत नव्हतो. आणखी कुणी त्या खिडकीकडं बघतंय का, ते मी बघत होतो. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. किती वेळ, मला सांगता येत नाही. पण तेवढ्या वेळात काचेवरचे तिचे हात खाली घसरले होते, हे मला सांगता येतं.

"सर!" बाप किंचाळला.

मग मी किल्ली उघडली. पट्टी हातातून पडली, मातीतून उचलली. हँडलच्या टोकाचं प्लास्टिकचं टोपण नखानं उपटलं, नख उलटलं, आत भोक सापडलं. पट्टी फिरली. दार उघडलं आणि चोर समजून गाडीनं भोंगा सुरू केला. त्या भोंग्यात मला पोरीचा आवाज ऐकू येईना. बापानं तिला ओढून काढलं. ती ओल्या फडक्यासारखी त्याच्या खांद्यावर पडली. आईनं तिच्या तोंडावर पाणी मारलं. एकदा, दोनदा. मग ती खोकली आणि रडली.

तिला घेऊन आईबाप शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात गेले. संध्याकाळी ती घरी आली. आज शाळेत जाते, माझ्या दारावरून सायकल हाकते. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला मला जसं अडकून राहावं लागलं तसं राहायला नको.

ते गेल्यावर मी कॉलेजच्या फाटकावर गेलो, वॉचमनकडून लॅबची किल्ली घेतली, वर गेलो आणि स्विच बंद केला. अँटेनेची फुलं काढली. काडी ड्रॉवरमध्ये टाकली, म्हैस लावली. ट्रान्समीटरवर कुंकवाचं बोट होतं, तेही रुमालानं पुसलं. का पुसलं? कुंकू काय बोलणार होतं?

खाली आलो तर गाडीभोवती गर्दी तशीच. मधल्या वेळात थोरल्यानं रागानं कॅमेरा आणि त्याच्या वायरी ओढून काढल्या होत्या. फोन करून कॅमेरावाल्यालाही बोलावलं होतं. तो घामेघूम होऊन उभा होता.

"बघ!" थोरल्यानं त्याच्या नाकासमोर किल्ली धरली आणि बटण दाबलं. गाडीनं दोनदा डोळे मिचकावले, दारं खटकन उघडली. "बघितलास? तुझी वायर काढली आणि चालू झाली. सकाळी सांगितलं व्हतं, आज हत्यार उचलू नको. तुमास्नी नवमी न्हाई, हत्याराचा मान न्हाई, मग असंच व्हणार की! लेकरू मेलं असतं!"

तो माणूस पांढरा पडला होता. त्या शब्दांनी नव्हे. असले शब्द त्यानं आयुष्यात पुष्कळ ऐकले असतील. त्या खटक्यानं. वायर काढली आणि गाडी चालू झाली, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. तो माझ्याकडं वळला.

"सर, तुमी शिकवतासा ह्यातलं. तुमीच सांगा. क्यामेऱ्याच्या वायरीनं असं व्हतं का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणालो, "होऊ शकतं."

हे वाक्य पुस्तकात बघितलं तर खोटं नाही. हलक्या कॅमेऱ्याच्या वायरीतून गोंगाट सुटतो, आणि रिसीव्हर अगदी जवळ असेल तर तो थोडा मंदही होतो. म्हणूनच मला ते इतक्या चटकन सुचलं. निव्वळ खोटं बोलायला कदाचित माझी जीभ वळली नसती. नवमीला हात न लावण्याच्या नादात ट्रान्समीटर चालू ठेवणारा मी, आणि नवमी न पाळल्याचा ठपका त्याच्यावर. थोरला जे बोलला ते ऐकून मी गप्प उभा राहिलो, आणि माझ्या विद्येनं त्या बोलण्याखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं वाटून झाल्यावर कॉलनीच्या हॉलमध्ये थोरल्यानं माझ्या डोक्यावर फेटा बांधला. "सर नसतं तर," एवढंच म्हणून तो धाय मोकलून रडला. पोरीला माझ्या पाया पडायला लावलं. तिचा हात लागताच मी पाय मागं घेतला.

तेव्हापासून मी भीत आलो. मामा कधी बोलता बोलता "सर, त्या नवमीला तुमी पेटी चालू ठिवलीती न्हवं" असं म्हणतील म्हणून मी मामांशी बोलणं तोडलं. सेल बदललेला शेजारी हिशेब जुळवेल म्हणून त्याच्या दारावरून जाणं सोडलं. बाजारात कुणी गाडीकडं किल्ली रोखून दोनदा बटण दाबलं की माझी मान वर जाते, खिडकी शोधायला. शिरोलीवरून जाणारी एसटी असली तर मी त्या दुकानाच्या बाजूला बसत नाही. आणि ज्याला इतका भीत होतो तेच मी वर्गात उदाहरण म्हणून सांगायला लागलो. पहिल्यांदा एका मुलानं विचारलं, "सर, ते पोरीचं खरं हाय का?" म्हणून सांगितलं. मग दर वर्षी. वारंवार सांगितलं की गोष्ट पक्की होते. दोनेक वर्षांनी तर सांगताना मला कॅमेऱ्याच्या वायरीतून सुटणारा गोंगाट दिसायला लागला.

यंदा गणपती झाल्यानंतरच्या तासाला मी ते उदाहरण सांगितलं. टाळ्या झाल्या. तास संपल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी टेबलाजवळ आली.

"सर, मोजलं होतंत का?"

"काय?"

"कॅमेऱ्याचा नॉइज. घटना इथं भिंतीपलीकडचीच, आणि अ‍ॅनालायझर तर आपल्या लॅबमध्येच होता."

"नाही. पण वायर काढल्यावर गाडी चालू झाली ना."

"सर, तुम्हीच म्हणता, दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या म्हणजे एकीनं दुसरी केली असं नाही. मोजल्याशिवाय बोलायचं नाही." तिचा आवाज चढला नव्हता. पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत ती म्हणाली, "तो कॅमेरा आमच्या पप्पांनी बसवलेला. तुटलेला परत आणला तो अजून घरात ठेवलाय त्यांनी. मी आणते. मोजून बघूया का?"

मी म्हणालो, "बघू."

त्या मुलीच्या डोळ्यांत संशय नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. आणि मला कळून चुकलं की ती मोजणार. कॅमेरा स्वच्छ निघणार. मग ती विचारणार, की मग काय होतं? आणि ती हुशार आहे, तिला लॅबच्या खिडकीतून कॉलनी दिसते.

मी शिरोलीला गेलो तो मोठ्या मनानं नाही. ती मोजणार होती म्हणून गेलो. हेही लिहून ठेवतो.

दुकानात सीट कव्हरं आणि पायपुसण्या टांगलेल्या. वायर कुठंच नव्हती. त्यानं मला ओळखलं, स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. "सर, आमची पोरगी तुमचं लई नाव घेती." मी चहा यायच्या आत सांगून टाकलं. म्हैस, काडी, फुलं, लाल दिवा, खिडकी. वायरी ओढल्या जात होत्या त्याच वेळी मी वर जाऊन स्विच बंद करत होतो, हे. चहा आला, त्यावर साय धरली.

"म्हंजे क्यामेरा न्हवता," तो शेवटी म्हणाला.

"नव्हता."

"माझी वायर चांगली हुती."

"चांगली होती."

तो उठला, दुकानाच्या दारापर्यंत गेला, परत आला. "सर, चार वरसं झाली मी वायर हातात धरली न्हाई. धरली की ते लेकरू दिसतंया. बायको म्हणाली, खरंच तुमच्यानं झालं का? मी म्हटलं, सर म्हणालं म्हंजे झालंच असंल. थोरला काय बोलला ते मी तिथंच टाकून आलो. त्याचं काय, तो कुणालाबी बोलतो. पण तुमचं ते 'होऊ शकतं' मी घरी आणलं सर. रोज जेवायला बसलं की ते शेजारी बसतंया."

मी हात जोडले. तो म्हणाला, "हात खाली करा. माझ्या पोरीला सांगितलंसा?"

"नाही."

"आणि तिकडं? कॉलनीत?"

"नाही."

"मग मला एकट्याला सांगून काय उपयोग? मी काय जाऊन सांगू त्यास्नी, सर म्हणत्यात मी न्हवतो म्हणून? कोण ऐकणार माझं?"

त्याच्या मुलीला मी दुसऱ्याच दिवशी वर्गात, सगळ्यांसमोर सांगितलं. तिनं पिशवीतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तरी मोजूया सर." आम्ही मोजलं. कॅमेऱ्याचा गोंगाट पडद्यावर दिसेल न दिसेल एवढा होता. बाकीच्या मुलांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या नाहीत.

कॉलनीतलं राहिलं होतं. त्यासाठी यंदाची नवमी आली. नवमीच्या सकाळी मी त्या दोघा भावांना आणि शिरोलीच्या त्या माणसाला गाडीजवळ बोलावलं. हे लोक माझ्या तोंडावर थुंकतील असं वाटत होतं, आणि त्याहून जास्त असं वाटत होतं की पोरगी घरातून ऐकत असेल. मी सगळं सांगितलं. मग त्यांना म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, बघा. वर लॅबमध्ये शिरोलीवाल्याची मुलगी उभी होती. एवढ्यापुरती, मी हात केला की म्हैस काढून ती काडी लावणार होती. मी हात केला. धाकट्यानं किल्ली दाबली. काही नाही. परत दाबली. त्याच्या तोंडावर तीच दुपार आली आणि तो किल्ली लांब धरून मागं सरला. मी पुन्हा हात केला. म्हैस लागली. किल्ली दाबली. गाडीनं डोळे मिचकावले.

"मग तवाच का बोलला न्हाईसा?" थोरला म्हणाला.

"घाबरलो."

"कुणाला? आमास्नी?"

थोरला त्या माणसाकडं वळला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि त्याला सवय नव्हती. "पावणं," एवढंच म्हणाला. मग तोंड फिरवून उभा राहिला. धाकट्यानं विचारलं, "तो क्यामेरा... परत बसवून द्याल का? पैसं घ्या, पण बसवा."

"बसवतो," तो म्हणाला. "आजच बसवतो."

थोरल्यानं गाडीची डिकी उघडून दिली.

त्यानं पिशवीतून तोच तुटका कॅमेरा काढला. वायरीची टोकं नव्यानं सोलली. पहिली वायर सोलताना तांब्याच्या दोन तारा तुटल्या. त्यानं परत सोलली. मी शेजारी बसून डिकीत बॅटरी धरली होती आणि उजेड हलत होता. "सर, थिर धरा की," तो म्हणाला. मी दोन्ही हातांनी धरली. शेवटची पट्टी गुंडाळून झाल्यावर तो उठला, किल्ली हातात घेतली आणि बटण दाबायच्या आधी थांबला. त्यानं मान वर करून खिडकीकडं बघितलं.

"म्हैस लावलीया न्हवं, सर?"

लावली होती. मुलीनं लावलेली मी खालून बघितली होती. तरी मी पायऱ्या चढून वर गेलो, ती घट्ट बसलीय का हातानं पिळून बघितली, स्विचही बंद केला. मग खिडकीतून त्याला हात केला.